पितळी मुठीची पिन

खर्रर्र...!

भर दुपारी आमच्या चष्म्याच्या दुकानासमोरच्या गतिरोधकावर एका गाडीचं पोट असं काही घासलं, की माझ्या हातातलं भिंग घासायच्या चाकावरून निसटलंच. मान वर केली. बुटकी, राखाडी, मागे भला मोठा पंख, आणि आवाज असा, की घसा बसलेल्या राक्षसानं गुळण्या कराव्यात. मी तोंड वाकडं करून पुन्हा कामाला लागणार, तेवढ्यात नंबर दिसला.

आमचा नंबर.

आमची गाडी! आमची गर्द निळी, लोण्यासारखी चालणारी गाडी!

राग डोक्यात जातो म्हणतात ना, ते काही खरं नाही. माझा आधी पायांत गेला. मी रस्त्यावर कधी पोचले तेच कळलं नाही. एका पायात चप्पल नव्हती, हे नंतर कळलं. मी काचेवर थाप मारली. काच हळूच खाली आली. आत एक तरुण... केस विस्कटलेले, डोळे मात्र सकाळच्या देवघरासारखे शांत. त्या शांतपणाचाच मला जास्त राग आला.

"तुम्हाला काही लागलं का?"

"मला नाही, तिला लागलं! ऐकू आलं नाही? पोट खरवडलंत तिचं!"

"अहो, आखूड स्प्रिंगा बसवल्यात. वळणावर रस्ता छान धरते."

"आणि हा रंग?"

"रंग नाही, वरून फिल्म चिकटवलीय."

"आणि पंख? उडून जायचंय कुठे?"

तो हसला. "आपली ओळख आहे का?"

"तुमची नाही. हिची आहे."

असं म्हणून मी आत डोकावले. ड्रायव्हरशेजारची सीट गेली होती. तिथे शर्यतीच्या गाडीतली खोलगट, काळी सीट होती. बसायची कसली, अडकायची जागा.

"इथली सीट कुठे आहे? ती फिरायची."

"ती होय? तिच्याखाली काहीतरी जुगाड होता. जड लोखंडी चकती वगैरे. काढून टाकला. भंगारात दिला."

"जुगाड?" माझा आवाज फाटला. "जुगाड म्हणालात?"

"विकताना तुम्ही काही बोलला नाहीत..." तो हळूच म्हणाला.

खरं होतं ते. आणि खरं होतं म्हणूनच मी त्याच्या दारावर आणखी एक थाप मारून तरातरा निघून आले.

आता जुगाड म्हणजे काय, ते सांगते. माझे बाबा टर्नर. उभा जन्म लोखंड कातायच्या लेथवर गेला. आईला वेगाचं विलक्षण वेड. बाबांनी निवृत्त झाल्यावर ही गाडी घेतली, दोन मालकांनी वापरलेली, पण इंजिन असं की आई म्हणायची, "हिच्या पोटात वाघ झोपलाय." पुढे आईच्या कमरेनं दगा दिला. तिला वाकून, वळून गाडीत बसता येईना. ती खिडकीतून गाडीकडे बघत बसायची. बाबा तीन महिने लेथला चिकटले, आणि त्यांनी सीटखाली एक चकती बसवली. पितळी मुठीची पिन वर ओढली, की सीट अलगद दाराकडे वळायची. आई सरळ बसायची, बाबा तिला आत फिरवायचे, पिन भोकात पडायची... टक्. मग आई काठी मांडीवर घेऊन म्हणायची, "चला. आणि जरा दाबा!"

आई गेली. गाडी धूळ खात उभी राहिली. वर्षभरानं बाबा पडले, खुबा मोडला, दवाखान्यात गेले. ते तिकडे असताना मी आठ दिवसांत, दलालामार्फत, त्यांना न विचारता गाडी विकून टाकली. मला ती बघवत नव्हती. बाबांनाही बघवत नसेल, असं मीच ठरवलं.

घरी आल्यावर बाबांनी रिकाम्या जागेकडे पाहिलं. रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "चकती काढून घेतलीस ना गं?"

आणि मी म्हणाले, "हो बाबा. मैत्रिणीकडे ठेवलीय."

बाबांनाही आता वाकता येत नव्हतं. दर आठवड्याला विचारायचे, "आणतेस ना? कुणाच्या तरी गाडीला बसवू. एकदा बाहेर पडावंसं वाटतं गं." आणि दर आठवड्याला मी नवी थाप मारायचे. देवापुढे दिवा लावताना माझी मान वर होत नसे.

त्या संध्याकाळी मी तसल्या गाड्यांच्या मालकांचा इंटरनेटवरचा गट शोधून काढला. तिथे लोक आपापल्या गाड्यांचे लाड लिहितात. कुणाचे टायर, कुणाचे दिवे. त्यात ह्यानं टाकलेला आमच्या गाडीचाही फोटो होता, खाली ओळ: 'आधीच्या मालकाचा जुगाड काढला. गाडी चौदा किलोनं हलकी झाली!' खाली शाबासक्यांची रांग. माझ्या आईला त्यांनी किलोत मोजलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुकानाचं दार ढकलून तो आत आला. हात काळे, कोपराला खरचटलेलं.

"भंगारवाल्याकडे गेलो होतो," तो म्हणाला. "सकाळपासून ढिगारा उपसला. चकती नाही. दाबून, वितळायला गेली." मग खिशातून रुमाल काढला आणि काउंटरवर उलगडला. "एवढी माझ्याकडे राहिली होती. छान घडवलीय म्हणून टाकवली नाही."

पितळी मुठीची पिन. मुठीला आईनं बांधलेला लाल लोकरीचा धागा, तसाच.

मला रडू आलं. आणि ते ह्याच्यासमोर आलं, म्हणून आणखी राग आला.

"घेऊन काय करू मी हिचं? भोकाशिवाय पिन काय कामाची? तुला कळतं का, तू काय केलंयस ते?"

"अरे वा, एका दिवसात 'तू'वर आलात!"

"हसू नकोस!"

"नाही हसत." खरंच नाही हसला. "मी नवीन बनवतो. मी दात बनवतो. टोप्या, कवळ्या. केसाच्या चौथ्या हिश्शाचा फरक माझ्या बोटांना कळतो. फक्त मापं हवीत. ती तुमच्या बाबांनाच ठाऊक असणार."

"बाबांना नाही विचारायचं."

"का?"

मी चष्मा काढून पुसू लागले. तो थांबला. दुकानात कुणी नव्हतं. शेवटी मी सगळं सांगून टाकलं, त्या खोट्यासकट. कुणालाच न सांगितलेलं, आणि ते ह्या दातवाल्याला!

"मग चला," तो म्हणाला. "दोघांनी मिळून बोलणी खाऊ. मी टाकली, तुम्ही विकलीत. अर्धी अर्धी."

"मला तुझी दया नकोय."

"दया कसली? मला एकट्याला भीती वाटतेय."

बाबा खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होते. मी उभ्या उभ्या सांगितलं. बाबांनी वर्तमानपत्राची घडी केली, आणखी एक घडी केली, आणखी एक.

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," ते म्हणाले. "खोटं बोलताना तू चष्मा पुसतेस. मी वाट बघत होतो, आज सांगेल, उद्या सांगेल. गाडी गेल्याचा राग नाही गं. बापाला घाबरलीस, त्याचा आहे." आणि त्यांनी तोंड फिरवलं.

मी मेल्याहून मेले. मग त्यांची नजर दातवाल्याकडे वळली, आणि अडवलेलं सगळं पाणी तिकडे सुटलं.

"आणि तू रे! गाडी जमिनीला घासत नेतोस? साप आहे का ती? त्या सायलेन्सरनं माझ्या डोक्याचा भुगा झाला. रोज दुपारी कोण मूर्ख इथून जातो म्हणत होतो... तो तू! आमचीच गाडी, आणि मला आवाजावरून ओळखू येईना!"

"चुकलं काका."

"काम काय करतोस?"

"दात बनवतो. कवळ्यासुद्धा."

बाबांनी स्वतःची कवळी काढून त्याच्या हातावर ठेवली. "ही टोचते. आधी ही नीट कर. मग लेथला हात लाव."

त्यानं तिथेच, खिडकीच्या उजेडात, खिशातल्या कानशीनं दोनदा घासून ती परत दिली. बाबांनी बसवली, जबडा हलवून पाहिला आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत. बाबांच्या बाबतीत ते प्रमाणपत्रच होतं.

मग सुरू झाले आमचे रविवार. बाबांच्या जुन्या कारखान्यात लेथ होता. बाबा स्टुलावर, काठी हातात. दातवाला लेथवर. मी डबा आणि चहा घेऊन एका कोपऱ्यात, फुगून.

"कवळीवाल्या, हात सैल सोड! दाताची मुळं उपटतोयस का?"

पहिली चकती वाकडी झाली. दुसरी फिरताना कुरकुरली. बाबांनी काठीनं ती ढकलून दिली. तिसऱ्या वेळी तो सगळं पुसून पुन्हा उभा राहिला, आणि मला त्याच्या मानेवरचा घाम दिसला. मी चटकन नजर चहात घातली.

त्याच रविवारांत त्यानं स्प्रिंगा बदलून गाडी उंच केली, पंख काढला. फिल्म सोलायची तेव्हा मला हाक मारली. तो गरम हवेचं यंत्र धरायचा, मी कडेनं नखं घालायची. राखाडी कातडं सुटत होतं आणि खालून निळं, गर्द निळं, वर येत होतं. एकदा दोघांची बोटं एकाच कडेवर आली.

"तुमचं नख तुटेल," तो म्हणाला.

"तुझं डोकं तुटेल. सरक."

"तुम्ही कधी न रागावता बोलता का हो?"

"बोलते. माणसांशी."

"मग मी कोण?"

"चौदा किलोचं ओझं!"

त्यानं हातातलं यंत्र बंद केलं. "वाचलंत तुम्ही ते."

"वाचलं. माझी आई होती ती."

उरलेली कड त्यानं एकट्यानं सोलली. त्या संध्याकाळी त्या गटावर नवा फोटो आला. निळी गाडी, आणि खाली ओळ: 'चौदा किलो परत चढवतोय. आजवरचा सर्वांत चांगला बदल.' लोकांनी यथेच्छ टिंगल केली. एकानं विचारलं, "वेग किती घटणार?" त्यानं लिहिलं होतं, "माझा घटला. गाडीचा नाही."

मी ते तीनदा वाचलं. चौथ्यांदा वाचताना स्वतःचाच राग आला.

आणि मग काम संपत आलं. चकती गुळगुळीत झाली, त्याच जुन्या मॉडेलची मूळ सीट गटातल्या एका मालकाकडून मिळाली. पुढच्या रविवारी फक्त बसवायचं. मला आनंद व्हायला हवा होता. मी मात्र आठवडाभर भांडी आपटत होते. गाडी त्याची. बाबांना एक फेरी मारून आणेल, आणि जाईल. कशाला यायचं त्यानं पुन्हा? बाबा माझ्याकडे बघत होते. "भांड्यांनी काय केलंय तुझं?" एवढंच म्हणाले.

रविवारी सकाळी गाडी दारात उभी राहिली. बाबांनी पिन ओढली. सीट अलगद वळली. बाबा सरळ बसले. त्यानं गुडघे टेकून त्यांचे पाय उचलून आत ठेवले, सीट फिरवली... टक्. बाबांनी डोळे मिटले. मी मागे बसले. गाव सुटलं. मोकळा रस्ता लागला आणि बाबा हळूच, आईच्या सुरात म्हणाले, "जरा दाब."

त्यानं दाबलं. पोटातला वाघ उठला. बाबा हसले, मोठ्यानं, कवळी दिसेल असे. मागे मी रडत होते. समोरच्या छोट्या आरशात दोन शांत डोळे मला बघत होते, आणि मी त्यांना म्हणाले, "रस्त्याकडे बघ!"

परत आल्यावर बाबा उतरले, काठी टेकून उभे राहिले. मग त्यांनी काठी चकतीकडे रोखली.

"हे दुसरं भोक कुणासाठी रे? माझं माप एकच होतं."

मी वाकून पाहिलं. बाहेरच्या कडेला, पहिल्या भोकापासून वीतभर अंतरावर, दुसरं भोक होतं. नीट गोल घासलेलं. दातवाल्याचे कान लाल झाले.

"ते... दुकानात त्या उंच स्टुलावर बसता ना तुम्ही... पाय जमिनीला जेमतेम टेकतात. मी नजरेनं माप घेतलं. म्हणजे कधी बसलात, तर... सीट जरा जास्त बाहेर वळून इथे थांबेल, पाय टेकतील."

"मला विचारलंस?" मी भडकले. "मनानं भोकं पाडत सुटलास! आधी विचारायची पद्धतच नाही का तुला?"

"नाही विचारलं. चुकलं." तो सरळ माझ्याकडे बघत म्हणाला. "आता विचारतो. बसाल का? आज. आणि नंतरही... रोज. भांडत बसलात तरी चालेल."

बाबा घराकडे वळले. त्यांच्या चालीला त्या दिवशी एवढी घाई कुठून आली कोण जाणे.

मी चष्मा काढला. पुसायला गेले आणि थांबले. नाही, आज खोटं बोलायचं नव्हतं. चष्मा डोळ्यांवर ठेवला, लाल धागा धरून पिन वर ओढली. सीट माझ्याकडे वळली. मी बसले. पाय जमिनीला टेकले, पूर्ण, टाचांसकट. पिन सोडली.

टक्.

"तो सायलेन्सर अजून तोच आहे," मी म्हणाले.

"उद्या बदलतो."

"आणि मी अजून रागावलेय."

"माहीत आहे," तो म्हणाला, पिन ओढून सीट आत फिरवली, आणि माझ्या बाजूचं दार हळूच लावलं. "पट्टा लाव."