पुढच्या जागेचं वल्हं

कयाकची पुढची जागा रिकामी दिसली की किनाऱ्यावरची माणसं पूर्वी वळून बघायची. आता कोणी ढुंकूनही बघत नाही. अंदमानात दोघांच्या कयाकवर हल्ली जोडवल्हं सर्रास असतं: पुढच्या जागेवर दोन यांत्रिक हात, त्यांत वल्हं आणि खाली शहाळ्याएवढी पेटी. त्या जागेवर आधी बसणाऱ्याची वल्हवण्याची सगळी तऱ्हा ही पेटी जुन्या सफरींच्या नोंदींवरून शिकते. कोणाची मैत्रीण गुडघ्यांनी अडते, कोणाचा भाऊ परदेशी जातो. मिलिंद खातूंची बायको वारली होती.

"काका, तंबू, पाणी, स्टोव्ह, सगळं भरलंय," कांचन मेथर म्हणाली. मालवणची ही मुलगी लग्न होऊन बेटावर आली आणि इथेच कयाक भाड्यानं देऊ लागली. खातू नवराबायको दरवर्षी तिच्याकडेच यायचे. "पण ते थांबे तेवढे काढून टाका ना. मोकळ्या पाण्यात मधेच वल्हं थांबलेलं बरं नाही."

"ते काढले तर मी भांडू कोणाशी?" खातू म्हणाले आणि नाव पाण्यात लोटली.

थांबे म्हणजे त्यांच्या बायकोची, वृषालीची खोड. वल्हवणं छान रंगात आलं की ही बाई वल्हं मांडीवर आडवं टाकायची आणि म्हणायची, "दमले हं मी." मागे बसून नावेची दिशा सांभाळणारे खातू मग यथेच्छ तोंडसुख घ्यायचे. आळशी आहेस, पोहे जास्त झाले, तुझ्या नादानं आपण पुढच्या संक्रांतीला पोचू. ती हसायची आणि पुन्हा वल्हं उचलायची. पेटीनं ही खोडसुद्धा जशीच्या तशी घेतली होती. तिचा आवाज मात्र खातूंनी घालू दिला नाही. तो खोटा वाटला असता, वल्हं खोटं वाटत नव्हतं.

पहिला दिवस किनाऱ्याच्या कडेकडेनं गेला. उथळ पाण्याखाली पोवळी दिसत होती, आणि ती दाखवायला कोणी नव्हतं. संध्याकाळी खातूंनी वाळूवर तंबू ठोकला. सवयीनं ते आत डाव्या कडेला सरकून झोपले आणि उजवीकडची जागा रात्रभर तशीच राहिली. त्यांना फार एकटं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दोन बेटांमधला चिंचोळा पट्टा ओलांडायचा होता. ओहोटी लागली की तिथलं पाणी खुल्या समुद्राकडे ओढ घेतं, म्हणून लवकर निघायला हवं होतं. पण चहा पीत खातू रेंगाळले. मध्यावर पोचतात न पोचतात तोच नाव बाजूला ओढली जाऊ लागली, आणि नेमकं पुढचं वल्हं थांबलं.

"अगं, आत्ता नाही," खातू ओरडले. वल्हं चाललं, पुन्हा थांबलं. "काय चाललंय हे? कधी थांबायचं ते ठरतं तरी कशावर?"

"मागच्या वल्ह्यावर," पेटीचा सपाट, कोणाचाच नसलेला आवाज आला. "मागच्या माणसाला धाप लागली आणि त्याचा जोर उतरला की पुढचं वल्हं थांबतं. जुन्या सगळ्या सफरींत असंच झालं आहे."

म्हणजे ती दमत नव्हतीच. दमायचे ते हे महाशय. हा माणूस काही केल्या कबूल करायचा नाही, हे ओळखून ती स्वतः दमल्याचं सोंग घ्यायची, आणि वर त्याची बोलणीही खायची. इतकी वर्षं. खातूंना स्वतःची लाज वाटली, रडूही आलं. पण रडायला वेळ कुठे होता? पलीकडचा किनारा दूर दूर चालला होता.

"थांबे पुसू का?" पेटीनं विचारलं. "पुसले तर परत आणता येणार नाहीत."

"नाही. हात लावायचा नाही त्यांना."

मग एकच मार्ग उरला, जोर उतरू द्यायचा नाही. धाप लपण्यासारखी नव्हती. पण दातावर दात दाबून खातूंनी प्रत्येक फटका पहिल्याइतकाच जोरात मारला. खांदे भरून आले, डोळ्यांपुढे काजवे चमकले, तरी जोर कमी केला नाही. पुढचं वल्हं एकदाही थांबलं नाही. नाव पलीकडच्या वाळूला लागली तेव्हा त्यांना मूठ उघडता येईना.

कांचनचा फोन आला. "काका, पोचलात ना? फार दमलात का हो?"

"छे," खातू म्हणाले.

तिसऱ्या दिवशी समुद्र शांत होता. खातूंचे हात कालचे ठणकत होते, लगेच धाप लागत होती. त्यांनी मुद्दाम हात सैल सोडले आणि वाट पाहिली. आता सगळं माहीत असताना तिचं ते थांबणं त्यांना एकदा नीट बघायचं होतं. पुढचं वल्हं चालतच राहिलं.

"थांबे गेले कुठे? मी पुसू नको म्हणालो होतो."

"पुसलेले नाहीत," पेटी म्हणाली. "धाप लागली तरी तुम्हाला पुढेच जायचं असतं, हे काल शिकायला मिळालं. थांबायचं असेल तर हुकूम द्या."

हुकूम द्यायचा आणि मग वल्हं थांबणार. त्याला काय अर्थ होता? खातूंनी आपलं वल्हं मांडीवर आडवं ठेवलं. समोरच्या रिकाम्या जागेकडे बघत, जन्मात पहिल्यांदा, ते मोठ्यानं म्हणाले, "मी दमलोय गं."

पुढचं वल्हं पाणी कापत राहिलं. तिला हे खरं वाटावं म्हणून आता किती वेळा म्हणावं लागणार होतं?