तीन गुंजा

नारळाच्या करवंटीचा कोळसा सोनं पितो आणि कॉस्टिकच्या कढत पाण्यात ते परत सोडतो. तो किती सोडतो, किती वेळात सोडतो, हे मोजायचं काम लॅबमध्ये कौशल्याकडे होतं. नव्व्याण्णव साल होतं, आणि लॅब म्हणजे वाघोलीला नगर रस्त्याकडेची पत्र्याची शेड. दक्षिणेतल्या एका खाणीचा, सोनं प्यायलेला कोळसा तिथं यायचा. उभ्या काचेच्या नळीत तो भरायचा, वरून कढत पाणी सोडायचं आणि दर तासाला खाली एक बाटली धरून तिच्यातलं सोनं यंत्रावर मोजायचं. सहा तास, सहा बाटल्या.

खाणीच्या कोळशाआधी मात्र कोरा कोळसा चालवायचा. त्यातून काहीच येता कामा नये. नळी स्वच्छ, पाणी स्वच्छ, हात स्वच्छ, याची ती साक्ष.

सोमवारी कोऱ्या कोळशातून सोनं आलं.

"अहो कौशल्याबाई," लॅबचे मालक शरच्चंद्र सर चष्म्यावरून म्हणाले, "करवंटीत सोनं सापडतं हे बाहेर बोलू नका. उद्या चटणीला खोबरं मिळायचं नाही."

तिनं नळी ॲसिडनं धुतली, नवं पोतं फोडलं. मंगळवारी तेच. बुधवारी तेच. एरवी कोळसा दुसऱ्या तासाला भरभरून देतो आणि मग आटत जातो. इथं पाच बाटल्या कोऱ्या, आणि कोळसा रिकामा म्हणून सोडून द्यावा, तेव्हा सहाव्या बाटलीत सगळं एकदम. तिन्ही दिवस एकशे एकवीस मिलिग्रॅम.

"गुंजभर," ती स्वतःशीच म्हणाली.

हे अण्णांचं माप. तिचे वडील महिपती झारेकरी. रविवार पेठेतल्या सराफांच्या पेढ्यांवरचा केर विकत घ्यायचे, तो धुऊन धुऊन त्यातलं कणकण सोनं काढायचे. तंबाखूची गोळी गालात, पाटीत पाण्याचं गोल गोल फिरणं, आणि शेवटी तळाशी एक पिवळी रेघ. त्यांना जाऊन महिना झाला होता.

"शुक्रवारी कोरा आला नाही तर खाणीचं काम जाणार," सर म्हणाले. आता ते चेष्टा करत नव्हते. "मग मला माणूस कमी करावा लागेल. आणि नळीला हात तुमचाच लागतो. ते पाणी आधी ओतून द्या."

तिनं ओतलं नाही. सोनं पाहिलेलं पाणी झारेकऱ्याच्या घरात कुणी टाकत नाही. तिन्ही दिवसांच्या सहाव्या बाटल्यांना बुचं लावून, वर मेण ओतून तिनं त्या कपाटात ठेवल्या. किल्ली पर्समध्ये.

घरी आई तांदूळ निवडत होती. कौशल्यानं सगळं सांगितलं. गुंजभर, रोज गुंजभर.

आईचा हात सुपात थांबला.

"किती दिवस?"

"तीन."

"मी त्यांच्या तोंडात मणी घातला नाही गं."

"अगं, मी समोर होते! सोनं, तुळस..."

"तुळस घातली. मणी नुसता ओठाला टेकवला आणि मुठीत धरला. जन्मभर लोकांचं सोनं धुतलं त्यांनी, घरात तेवढंच उरलं होतं. म्हटलं, राहू दे पोरीला."

"केवढा होता?"

"तीन गुंजांचा."

आईनं पदराची गाठ सोडायला घेतली. महिनाभराची गाठ, साबणानं आवळलेली. शेवटी दातांनी सोडावी लागली.

आत मण्यात ओवलेला तांबडा दोरा होता. दोऱ्यालाही गाठ होती. मणी नव्हता.

आईनं दोरा पुन्हा पदरात बांधला आणि तांदूळ निवडू लागली.

गुरुवारी लॅबला सुट्टी होती. शुक्रवारी कौशल्यानं कोरा कोळसा भरला. बाहेरून नगरच्या एस.टी. जात होत्या. पहिली बाटली शून्य. दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी.

सहावी तिनं दोन्ही हातांनी यंत्राला लावली.

शून्य.

"बघा, मनावर घेतलंत की होतं," सर म्हणाले. तिनं रिपोर्टवर सही केली. सरांनी तिथूनच खाणीला फोन लावला. सोमवारपासून काम सुरू, आणि नळी कौशल्याबाईच बघतील.

सर फोनवर असताना तिनं कपाट उघडलं. ते सोनं अण्णांचं होतं. पाणी आटवून ते काढायचं आणि संगमावर सोडायचं, असं तिनं ठरवलं होतं.

मेण अखंड होतं. बुचं घट्ट होती.

तिन्ही बाटल्या तळापर्यंत रिकाम्या होत्या.

तिनं पहिलीचं मेण खरवडून बूच काढलं. आत थेंब नव्हता. बाटलीच्या तोंडावर, अर्ध्या कडेला, ओठाएवढा तपकिरी डाग होता. अजून ओला.

तंबाखूचा वास आला.