मापाचं पोलकं

कराडजवळच्या मलकापुरात, मंडईमागे आम्रपालीचं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. दारावर 'फक्त लेडीज' असं ठसठशीत लिहिलेलं असताना एक तरणा पुरुष सरळ आत शिरला, तेव्हा तिनं मशीन थांबवलं.

"पाटी वाचता येत न्हाई व्हय?"

"येतीय की. पण एसटीच्या दारात बाही फाटली, आणि आत्ता कॉलेजात पोरींना नाच शिकवायचाय…" त्यानं हात पुढे केला. "असा गेलो तर नाच ऱ्हाईल बाजूला, पोरी बाहीच बघतील."

"बाहीच कशाला बघतील?" ती बोलून गेली, आणि मग सुई शोधायला उगाच खाली वाकली.

महेंद्र सांगलीचा. तिथं नाचाचा क्लास चालवायचा. कराडच्या कॉलेजचं गॅदरिंग होतं, म्हणून महिनाभर रोज येणार होता. नाचाचं नाव ऐकलं आणि आम्रपाली खळखळून हसली.

"पोल्का? आवं, हितं ढीग पडलाय पोलक्यांचा!"

"तेच हाय ते! लांब युरोपातला नाच. त्याच्या नावानं बायकांचं जाकीट निघालं, ते गोऱ्या साहेबासंगं इकडं आलं म्हणत्यात. गुजरातीत पोलकुं. माझी आजी अथणीची, ती कानडीत पोलका म्हणायची. आपलं पोलकं."

"आणि नाच?"

"नाच वाटेतच सांडला. कापड तेवढं पोचलं."

बाही शिवून झाली तरी त्याचं येणं थांबलं नाही. कधी बटण, कधी उसवलेली कॉलर… बटणं तोच तोडत असावा. एका दुपारी बाहेर अवकाळी पाऊस कोसळत होता, गिऱ्हाईक नव्हतं. चिंध्या पायानं सारून त्यानं तिला नाच दाखवला. तीन छोटी पावलं आणि एक उडी. तिसऱ्या पावलाला ती अडखळली, त्यानं हात धरला… आणि उडी दोघांचीही राहून गेली. तिच्या बोटांचा खडू त्याच्या मनगटाला लागला होता. तो त्यानं पुसला नाही, हे तिनं बरोबर बघितलं.

गॅदरिंग संपलं त्या दिवशी तो उसवलेलं, तुटलेलं काहीच न घेता आला.

"आईला सांगितलं तुझं. लग्नाची साडी-पोलकं आमच्याकडनं असतंय. आई म्हणती, पोरीचं मापाचं पोलकं घेऊन ये. तू दिलंस की… ठरलं."

आम्रपाली हरखून गेली. घरचे कधीचे लग्नासाठी मागं लागले होते, त्यामुळं तिकडून नकार येणार नव्हता. अडचण भलतीच होती. साऱ्या मलकापूरची पोलकी शिवणारीकडे स्वतःचं एकही धड नव्हतं. रोजचा पंजाबी ड्रेस! आणि सासूच्या हाती पडणारं पहिलं काम जुनंपानं कसं द्यायचं?

"थांब थोडं. नवं शिवून देते."

त्यात लगीनसराई आली. "झालं का गं?" तो फोनवर विचारायचा. "होतंय… लय गिऱ्हाईक हाय," ती म्हणायची. हळूहळू त्याचे फोन कमी झाले. त्यालाही काम असेल, असं तिनं धरलं. आंबा रंगाचं कापड निवडलं, गळा दोनदा उसवला, बाही मनासारखी बसेपर्यंत सोडली नाही. असं देखणं पोलकं तिनं कुणालाच शिवलं नव्हतं.

एका रविवारी ते पुडक्यात बांधून ती सांगलीला गेली. क्लास नुकताच सुटला होता आणि महेंद्र सतरंजी गुंडाळत होता. तिनं हसत पुडकं पुढे केलं. त्यानं घेतलं नाही.

"आईनं जतच्या पोरीचं माप आणलं," तो खाली बघत म्हणाला. "सुपारी फुटली, आमू."

"पण मी शिवते म्हणाले होते की!"

"आमच्याकडं नको असलं की असंच सांगत्यात. माप आज देतो, उद्या देतो… तोंडावर कोण न्हाई म्हणतंय? आईला वाटलं, नकार हाय."

"आणि तुला?"

त्यानं सतरंजीचं टोक उगाच परत दुमडलं. मग म्हणाला, "मलाबी."

"एकदा विचारायचं होतंस…"

"भ्या वाटलं. खरंच न्हाई म्हणाली असतीस तर…"

"मी व्हय म्हणायला आले होते, महेंद्र."

त्यानं हात पुढे केला, पण तोवर तिनं पुडकं पिशवीत परत ठेवलं होतं.