आठपट दुर्बीण आणि भरकटलेली होडी

"वीसपट आहे ही! याहून जवळचं दाखवणारी अख्ख्या दुकानात नाही," दुकानदार म्हणाला.

ताईने ती जड दुर्बीण डोळ्यांना लावली. समोरच्या तलावाचं पाणी असं काही थरथरायला लागलं, की तिलाच गरगरलं. "हात जरा हलला की सगळंच हलतं. हिच्यातून तारे कसले दिसणार, नुसत्या रेघोट्या दिसतील."

"मग ही खिशातली घेऊ," तिचा मामेभाऊ म्हणाला. ऊन पडलंय की नाही यावरसुद्धा तो वाद घालायचा, म्हणून घरात सगळे त्याला वकील म्हणत. पण त्या दुर्बिणीची भिंगं कोटाच्या बटणाएवढी. मावळतीलाच तिच्यातून अंधारून आल्यासारखं दिसत होतं. शेवटी ताईने आठपटवाली उचलली. हातात सहज मावणारी, तरी पुढची भिंगं चांगली रुंद. चित्र जागचं हलेना आणि उजेडही भरपूर. खुशीत ती तलावभर नजर फिरवू लागली आणि एकदम थांबली.

तलावाचं जादा पाणी जिथून खाली कोसळतं, त्या सांडव्याच्या बाजूला एक होडी आडवी वाहत चालली होती. आत कोणीतरी पांढरा सदरा हलवत होतं. दुपारी होडी घेऊन गेलेल्या मामाच्या अंगात असाच सदरा होता.

"वकील," दुर्बीण न हलवता ती म्हणाली, "तुझे बाबा."

वकिलाने वीसपटवाली डोळ्यांना लावली. "ओंडका असेल," तो म्हणाला, पण त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

ताई, वकील आणि ताईची धाकटी बहीण छोटी धक्क्याकडे धावत सुटली. मागून दुकानदार "अरे, दुर्बीण!" म्हणून ओरडत होता. ती पोचेपर्यंत अंधार पडला होता आणि होडीवाला कुलूप लावून घरी निघालाच होता.

"सगळे परत आलेत, बाळांनो. माणूस आला की त्याचं तरंगायचं जाकीट खुंटीवर येतं. बघा, एकही खुंटी रिकामी नाही."

"मामाने जाकीट घातलंच नव्हतं," छोटी म्हणाली. "तुमची पाठ वळल्यावर त्याने ते परत अडकवलं. मी बघितलं ना."

होडीवाला बांधलेल्या होड्या मोजू लागला. एक होडी कमी होती. तो धडपडत मोटारबोटीत चढला. "पण या अंधारात मला दिसणार कसं?"

"मला दिसतंय," ताई म्हणाली. "वकील, मी सांगेन तिकडे काकांच्या बॅटरीचा झोत टाक. काका, तुम्ही झोताच्या मागे जा."

जन्मात पहिल्यांदा वकिलाने वाद घातला नाही. ताईने धक्क्याच्या कठड्यावर कोपरं टेकली. "डावीकडे. अजून." सांडव्याचा आवाज इथवर येत होता. मध्येच होडी दिसेनाशी झाली, आणि ताईला वाटलं, संपलं सगळं. मामा गेला. पापणी न लववता ती पाणी चाळत राहिली. वकील रडत होता, पण झोत त्याने हलू दिला नाही.

"सापडली! जरा उजवीकडे. तिथेच धर."

मोटारबोट पोचली तेव्हा सांडवा हाकेच्या अंतरावर होता.

वल्हं वाहून गेलेला मामा कुडकुडत धक्क्यावर उतरला. होडीवाला ताईपुढे हात जोडू लागला. "पोरी, आज तू होतीस म्हणून..."

"शाबासकी राहू दे, काका. उद्यापासून जाकिटं नका मोजू. माणसं मोजा."

मामा कसनुसं हसला.

"तू हसू नकोस, मामा," ताई म्हणाली आणि तिला रडू कोसळलं.

"चुकलं माझं," मामा खाली मान घालून म्हणाला. वकिलाने त्याच्या गारठलेल्या कमरेला मिठी मारली होती, आणि कितीही समजावलं तरी तो ती सोडायला तयार नव्हता.