सहा नंबरचा चिमटा

रिमोटचं चाक मी डावीकडे फिरवत होते आणि गाडी निघाली होती उजवीकडे, थेट गोदामाच्या भिंतीवर.

गाडी म्हणजे हातभर लांबीची, नायट्रो इंधनावर चालणारी. पण इंजिन खरं, निळा धूर खरा, आणि किंचाळणं तर मोठ्या गाडीला लाजवणारं. बाबांनी ती एकेक भाग जोडून उभी केली होती. आजारपणानंतर त्यांचे हात थरथरायला लागले, तेव्हा रिमोट माझ्याकडे आला आणि बाबा घडीची खुर्ची टाकून कडेला बसायला लागले. गाडी आडवी घसरत वळणातून गेली की त्यांच्या तोंडावर जे हसू यायचं, ते दुसऱ्या कशानेही येत नव्हतं. ती गाडी भिंतीवर आदळली असती तर... नको, तो विचारही नको.

भिंतीआधी एक बूट आडवा आला.

इंजिन बंद पडलं. मी धावत जाऊन गाडी उलटीपालटी करून पाहिली. बंपर तेवढा वाकला होता. माझ्या जिवात जीव आला आणि त्यापाठोपाठ मला बुटाचा मालक दिसला. उंच, चष्मेवाला, एका पायावर उभा. तो आधी स्वतःच्या हातातल्या रिमोटकडे बघत होता, मग फाटकाजवळच्या फळ्याकडे. त्याचे कान लाल झाले.

आमच्या मैदानावर सगळे रिमोट जुने. एकाच नंबरचे दोन चालू झाले की कोणती गाडी कोणाचं ऐकेल याचा नेम नाही. म्हणून फळ्यावर कपड्यांचे चिमटे लावलेले असतात, प्रत्येकावर एक नंबर. आपल्या नंबरचा चिमटा रिमोटला लावल्याशिवाय बटण दाबायचं नाही. सहाचा चिमटा माझ्याकडे होता, आणि साहेबांनी चिमट्याशिवायच सहा नंबर चालू केला होता.

"म्हणजे चोर तुम्ही आणि पोलीसही तुम्हीच," मी म्हटलं.

"बूट जळालाय... तेवढी शिक्षा पुरे नाही का?"

हसायचं नाही असं ठरवलं होतं, पण हसले.

तो चष्म्याच्या काचा घासतो, मी लॅबमध्ये कवळ्या बनवते. हे कळल्यावर तो म्हणाला, आपण दोघं मिळून एखादा म्हातारा नवा करून देऊ शकतो. बाबांनी खुर्चीतून विचारलं, कधी सुरू करताय?

नंबर एकच, त्यामुळे दर रविवारी आमची पाळी लागायची. मी चालवायचे, तो थांबायचा. तो चालवायचा, मी थांबायचे. चिमटा या हातातून त्या हातात जायचा, आणि बोटं जरा जास्तच वेळ रेंगाळायची. इंजिन सुरू करताना तो प्लग तापवणारा इग्नायटर धरायचा, मी दोरी ओढायचे. हे काम एकट्यानेही होतं. पण ते सांगतो कोण?

नंबर बदलणंही अवघड नव्हतं. नखाएवढे क्रिस्टल तेवढे बदलायचे, एक रिमोटमधला, एक गाडीतला. दोघांनाही ठाऊक होतं, दोघंही गप्प. पण मला त्याच्या गाडीच्या शेपटीला नाक लावून एकाच वळणातून जायचं होतं, आणि एका नंबरावर ते जमणार नव्हतं. शेवटी मीच धीर केला. कोणता नंबर घेऊ, असं बाबांना विचारलं. ते म्हणाले, दोन घे.

त्या रविवारी मैदानावर आले तर सहाचा चिमटा फळ्यावर लटकत होता, आणि आतून त्याच्या इंजिनाचा आवाज येत होता. याने नंबर बदलला. माझ्यासाठी थांबायचा कंटाळा आला असणार... मुकाट्याने दोनच्या चिमट्याकडे हात नेला, तर ती जागा रिकामी.

दोनचा चिमटा त्याच्या रिमोटवर होता.

मला बघून त्याने इंजिन बंद केलं. "सहा मोकळा केलाय तुमच्यासाठी," तो जमिनीकडे बघत म्हणाला.

"मी मागितला होता?"

"नाही. पण मला..." तो अडखळला. "पाळीपाळीने नको होतं मला. तुझ्या शेजारी चालवायची होती."

'तुम्ही'चं 'तू' केव्हा झालं ते त्यालाही कळलं नसावं. मी माझा रिमोट त्याच्यापुढे धरला. त्यावरच्या पट्टीवर ठळक दोन. त्याने तो आकडा पाहिला, मला पाहिलं, आणि इतका मोकळा हसला की माझ्या छातीवरचा दगडच उतरला.

"तुला कोणी सांगितला दोन?" त्याने विचारलं.

आम्ही दोघं एकदमच खुर्चीकडे वळलो. बाबा मन लावून आकाश बघत होते.

"दोघांनीही वेगवेगळं येऊन विचारलंत," ते म्हणाले. "वेगवेगळे नंबर सांगितले असते तर गाड्या फिरवत बसला असतात. आता बोललात ना? मग लागा कामाला."

त्याने खिशातून सहाचे जुने दोन्ही क्रिस्टल काढले. टाकून दिले नव्हते, वेडा. तो परत सहा झाला, मी दोन. त्याने इग्नायटर धरला, मी दोरी ओढली, आणि दोन्ही गाड्या नाकाला शेपटी लावून पहिल्या वळणात शिरल्या.

"तू आवडतेस मला," त्या आवाजात तो म्हणाला. "ऐकू आलं?"

"आलं," मी म्हटलं. "मलाही तू... कधीपासून."

मग आम्ही जे एकमेकांकडे बघत राहिलो, ते राहिलोच.

"भिंत!" बाबा ओरडले.

दोघांनीही एकदम ब्रेक दाबला.