लालासाहेबांचा माइक

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या कानांवर हेडफोन असताना घडलेली आहे. मी भौतिकशास्त्राची पदवीधर आहे. पटो न पटो, जसं घडलं तसं सांगते.

गेला डिसेंबर. मेढ्याजवळचं एक गाव. भर दुपार, लख्ख ऊन.

मी एका वाहिनीसाठी ध्वनिमुद्रण करते. आमचा कार्यक्रम नेत्यांच्या घरीच होतो. चहा, गप्पा आणि शेवटी नवरा-बायकोचे उखाणे. त्या दिवशी लालासाहेबांची पाळी होती. निवडणुकीचं तिकीट जाहीर व्हायचं होतं. पहिली बायको राजेश्वरी घर सोडून गेली, ही कुजबुज त्यांना मिटवायची होती. म्हणून दुसऱ्या पत्नी मायाताईंना शेजारी बसवून सुखी संसार दाखवायचा होता.

अंगणातल्या नव्या फरशीवर खुर्च्या मांडल्या.

मी दोघांना कॉलरचे माइक लावले आणि सगळ्यांना गप्प बसायला सांगितलं. प्रत्येक जागेची शांतता आम्ही आधी रेकॉर्ड करून घेतो.

हेडफोनमध्ये शांतता नव्हती...

घुमारा होता. खोल, ओलसर.

मायाताईंचा माइक स्वच्छ होता. घुमत होता तो फक्त साहेबांचा. मी माइकांची अदलाबदल केली.

तरी साहेबांचाच घुमत राहिला.

चहा घेऊन आलेल्या सुलाबाईंना मी हळूच विचारलं, "इथं खाली पोकळ आहे का?"

"हीर हाय की. थोरल्या वैनी गेल्या तवा साहेबांनी वरनं स्लॅब टाकला."

"कुठं गेल्या?"

"कुणासंगं पळाल्या म्हणं." त्यांनी कप नीट ठेवला. "चपला हितंच सोडून."

पण घुमारा त्या विहिरीचा असता तर दोन्ही माइक घुमले असते. कारण नंतर शोधू, असं मी स्वतःला बजावलं आणि शूटिंग सुरू झालं.

गप्पा छान रंगल्या. मायाताईंनी लाजत उखाणा घेतला. मग आमची निवेदिका चंदना हसून म्हणाली, "आता साहेब, तुम्ही."

"आमी काय भितो व्हय? घेतो की."

त्यांनी मोगऱ्याचा उखाणा पाठ केला होता. सकाळी मला म्हणूनही दाखवला होता.

ते क्षणभर थांबले.

त्यांचे ओठ हलले नव्हते...

पण माझ्या हेडफोनमध्ये उखाणा म्हणून झाला होता. त्यांच्याच आवाजात.

मग त्यांनी तोच मोठ्याने म्हटला.

"विहीर झाकून वर घातली फरशी नवी,
राजेश्वरी खाली आहे, तिला माझी सोबत हवी."



मायाताई उठल्या आणि फरशीवरून उतरून मातीत जाऊन उभ्या राहिल्या.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं. "मोगऱ्याचाच घेतला की मी."

चंदनाने कॅमेऱ्यावरचं रेकॉर्डिंग ऐकवलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. कॅमेऱ्याचं कार्ड त्यांनी स्वतः काढून घेतलं आणि आम्हाला जायला सांगितलं.

घाईत त्यांच्या कॉलरचा माइक तसाच राहिला.

साताऱ्यात पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मी सामान लावत होते. त्या माइकचा आवाज पकडणारा रिसीव्हर माझ्याकडे होता. त्याचा पल्ला एका अंगणापुरता असतो.

त्याचा हिरवा दिवा लागला...

मी हेडफोन लावला.

पाणी. दगडावर नखं. मग साहेबांचा आवाज, धाप लागलेला. तोच उखाणा म्हणत होते. पुन्हा. पुन्हा.

मधेच बांगड्या वाजल्या.

सकाळी बातमी आली. साहेब विहिरीत सापडले. त्यांना काढायला स्लॅब फोडला, तेव्हा त्यांच्याखाली जुनी हाडं मिळाली. स्लॅब फोडण्याआधीच मी पोलिसांना जबाब द्यायला तिथे पोचले होते. स्लॅबला वीतभर भोक पडलं होतं, बाकी सगळा शाबूत. ते भोक मी टेपने मोजलं. त्यातून माणूस जात नाही.

माइक सापडला नाही.

रिसीव्हर माझ्या कपाटात आहे. त्याचे सेल मी केव्हाच काढून टाकलेत. तरी काही वेळा कपाटाच्या फटीतून हिरवा उजेड दिसतो.

त्या रात्रीनंतर मी एकदाच ऐकलं. साहेब रडत होते.

आणि त्यांच्या अगदी जवळून एक बाई लाडात म्हणत होती...

"आवं, घ्या की परत नाव."