पोहोइकीचे पाच खडे

निधी, तो पॅटिओवरचा दिवा बंद कर, किडे येतात. परीक्षित, फोन उलटा ठेव.

मी विहारात जाणारा माणूस, तपासल्याशिवाय मान डोलवत नाही. तरी तुमचा हा राजारामकाका शेंडी लावतोय असं वाटलं तर वाटू दे. माझ्याबरोबर फॅबमध्ये, चिप बनवायच्या कारखान्यात, काम करणाऱ्या गुरुनाथने मला सांगितलं, तसंच सांगतो.

दोन हजार बावीसचा लेबर डे वीकेंड, सप्टेंबरच्या सुरुवातीची तीन दिवसांची सुट्टी. गुरुनाथ, बायको शुभा आणि सहा वर्षांची सिया हवाईच्या बिग आयलंडला निघाले. तिकिटं काढून झाल्यावर शुभाच्या लक्षात आलं, शनिवारी गौरी येतात. त्यांच्याकडे खड्यांच्या. पाणवठ्यावरून पाच खडे घ्यायचे, घरच्या मुलीने तोंडातून शब्द न काढता ते आणायचे. दारात आई विचारते, "कोण आलं?" मुलगी म्हणते, "गौर आली," की मौन सुटलं. तिसऱ्या दिवशी खडे परत पाण्यात.

"खडेच तर हवेत," शुभा म्हणाली. "तिथे त्यांना काय तोटा?"

तोटा नाहीच. ते अख्खं बेट ज्वालामुखीनं समुद्रातून वर काढलेलं. शेकडो वर्षांपूर्वी माणसं ताऱ्यांवरून दिशा धरत होड्यांनी तिथे पोचली, आणि तेव्हापासून ती जमीन ज्वालामुखीच्या देवीची मानतात. दोन हजार अठरा साली लाव्ह्याखाली सातशेच्या वर घरं गेली, आणि पोहोइकी नावाच्या जागी काळ्या वाळूचा नवा किनारा तयार झाला. म्हणजे जमीन सियापेक्षा दोन वर्षांनी लहान. तिथून दगड उचलू नये म्हणतात. उचलणारे पुढे घाबरून पार्सलनं परत पाठवतात. शुभाला वाटलं, आपण कुठे चोरतोय? आपण तर देवी म्हणून नेतोय.

सियाने वाटीत खडे घेतले, गाडीत गप्प बसली. पाहोआ गावात भाड्याचं लाकडी घर होतं. दारापासून टेबलापर्यंत शुभाने तांदळाच्या पिठाने आत येणारी पाच पावलं काढून ठेवली होती.

"कोण आलं?" तिने विचारलं.

सिया नुसती बघत राहिली.

पुन्हा विचारलं. रागावून विचारलं. चॉकलेट दाखवलं. रविवारी दुपारी डॉक्टर झाले. घसा उत्तम, कान उत्तम. शब्द मात्र एक नाही. जेवेना, झोपेना. खड्यांची वाटी शुभाने टेबलावर ठेवली होती, तिच्यासमोरून हलेना.

संध्याकाळी घरमालकीण आली. तिथलीच म्हातारी, जुनं घर लाव्ह्याखाली गेलेली. टेबलावरची वाटी बघून दारातच थांबली.

"पोहोइकी?" तिने विचारलं. गुरुनाथने मान हलवली. "न विचारता आणलंत. आत्ताच्या आत्ता नेऊन ठेवा. आणि जिच्या हाताने आणलंत, तिला बरोबर न्या."

"विसर्जन उद्या आहे," शुभा पुटपुटली. मग सियाकडे बघितलं आणि स्वतःच वाटी गुरुनाथच्या हातात दिली. समई तेवत होती, घर लाकडी, म्हणून ती मागे थांबली.

चार सप्टेंबर. सात चाळीस. अंधार पडलेला. सिया मागच्या सीटवर, वाटी पुढे शेजारच्या सीटवर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कोकी नावाचे इवले बेडूक ओरडत होते. तिथे रात्रभर ओरडतात.

मग लाव्ह्याचा पट्टा लागला. झाडं संपली. बेडूक थांबले.

आणि गाडीत बीप वाजायला लागला.

गुरुनाथने डॅशबोर्ड बघितला. शेजारच्या सीटवर माणूस बसलाय, बेल्ट लावा. लाल दिवा.

पाच खडे, यार. मूठभर वजन नाही.

एसी फुल होता. तरी डाव्या... नाही, उजव्या हाताला, त्या सीटच्या बाजूला, झळ लागत होती. चुलीपाशी बसल्यासारखी. आरशात सिया दिसत होती. तिचे डोळे पुढच्या सीटवर होते. वाटीवर नाही. वर. डोकं असतं तिथे.

बीप... बीप...

त्याने हात लांब केला. न बघता. बेल्ट ओढला. वाटीवरून घेतला, लावला.

बीप थांबला.

पुढे अकरा मिनिटं त्याने बाजूला बघितलं नाही.

किनाऱ्यावर सियाला कडेवर घेतलं, वाटी उचलली. खडे एकेक करून पाण्याच्या कडेला ठेवले. काय म्हणायचं ते कळेना. शेवटी मराठीतच म्हणाला, "चुकलं आमचं. विचारायला हवं होतं. हिला बोलू दे."

लाट आली. गेली.

काही नाही...

मग कानाशी, अगदी बारीक, "बाबा, आय वाँट टू गो होम."

तो वाळूत बसून रडला. मला सांगतानाही रडला.

घरी दार शुभाने उघडलं. सिया बापाच्या खांद्यावर, पायात बूट, बडबड चालू. शुभा हसली, रडली, आणि मग तिघांनी खाली बघितलं. दार उघडायला येईपर्यंत शुभा समईपासून उठली नव्हती. दार आतून बंद होतं.

पिठाची पाचही पावलं आता बाहेर जाणारी होती.

त्यांच्या शेजारी सहावं एक होतं. पिठाचं नाही, काळ्या वाळूचं. अनवाणी. सियाच्या मापाचं.

ते आत येणारं होतं.